खंडेनवमीची दुनळी

सप्टेंबर उतरणीला लागला की कॅनडातल्या सस्काटूनच्या आभाळात क्रौंचांची माळ दिसायच्या आधी ऐकू येते. मी मागच्या डेकवर चहाचा कप घेऊन उभी असते, मान वर करून शोधत असते, आणि आवाज डोक्यावरून निघून जातो तरी पक्षी काही दिसत नाहीत. शेजारी कुणीतरी विंटर टायर्स लावायला गाडी जॅकवर चढवलेली असते. शेतांकडून वारा आला तर त्यात कापलेल्या गव्हाची धूळ असते आणि नाक दिवसभर चुळचुळत राहतं. काय सुंदर सीझन आहे, असं लोक म्हणतात. आहेच सुंदर. मला मात्र या दिवसांत धाकधूक होते. आणि ती कुठून येते ते मला पक्कं माहीत आहे. ती दोन हजार सोळाच्या फॉलमधून, म्हणजे पानगळीच्या ऋतूतून येते, ज्या फॉलमध्ये आमच्या घरात दुनळी बंदूक आली.

दुनळी म्हणजे शेजारी शेजारी दोन नळ्या असलेली, बारा बोअरची, पक्ष्यांची बंदूक. आमच्या घरात तोवर सर्वांत घातक वस्तू म्हणजे नारळ फोडायचा कोयता होता, आणि तोही मीच वापरत असे. विश्वास, म्हणजे माझा नवरा, पोटॅशच्या खाणीत मेकॅनिकल इंजिनिअर होता. उभी नोकरी त्यानं जमिनीखाली एक किलोमीटरवर काढली, जिथे उन्हाळा काय आणि हिवाळा काय, सगळं सारखंच. रिटायर झाल्यावर त्याला आकाशाखाली चालायचं होतं. एवढंच असतं तर मी त्याला नदीकाठी पाठवलं असतं. पण शेजारच्या वॉल्टरनं त्याला सांगितलं की चालायलाही काही निमित्त लागतं, आणि इथल्या प्रेअरीत, या सपाट गवताळ मुलखात, ते निमित्त म्हणजे पक्षी.

वॉल्टर जन्माचा शेतकरी. जमीन भाच्याला देऊन शहरात आमच्या शेजारी येऊन राहिला होता. बोलायचा कमी, ऐकायचा त्याहून कमी, कारण कानाचं यंत्र खिशात ठेवायचा. दर फॉलला म्हातारी कुत्री घेऊन तो भाच्याच्या शेतावर ग्राउझ मारायला जायचा. ग्राउझ म्हणजे आपल्या तित्तराचा जाडजूड चुलतभाऊ. गव्हाच्या कापलेल्या धाटांत तो बसतो, पाय पडेपर्यंत हलत नाही, आणि मग एकदम पंखांचा फडफडाट करत उठतो. वॉल्टर म्हणे, तो आवाज छातीत होतो. विश्वासनं ते ऐकलं आणि त्याचं ठरलं.

मी भूल देणारी डॉक्टर. मिरजेत शिकले, इथे येऊन पुन्हा शिकले, आणि मग निवृत्तीपर्यंत ऑपरेशन टेबलच्या डोक्याशी बसून राहिले. सर्जन कापतो, शिवतो, गाणी लावतो. आम्ही नुसते बघत बसतो आणि काय काय बिघडू शकेल याचा विचार करत राहतो. संशय घ्यायचा मला पगार मिळत होता. नोकरी संपली तरी सवय संपली नाही, म्हणून विश्वास मला घरचा मॉनिटर म्हणतो. "टूं टूं सुरू झालं का?" असं विचारतो. गॅसचा वास येतोय का, असं मी म्हटलं तरी टूं टूं.

बंदुकीच्या लायसन्सच्या अर्जावर नवऱ्याला बायकोची सही लागते. हा नियम ज्यानं केला त्याला संसाराची माहिती असावी. विश्वासनं कोर्स केला, नातवंडांच्या वयाच्या पोरांबरोबर बसून परीक्षा दिली, आणि अर्ज माझ्यासमोर जेवणाच्या टेबलावर ठेवला. मी आमटी ढवळत होते.

"सही कर ना."

"काय करणार आहेस बंदुकीचं?"

"चालणार आहे."

मला हसू आलं, पण हात पुढे होईना. इथल्या हॉस्पिटलमध्ये फॉल म्हणजे हातांचा सीझन. धान्य वर चढवणारा स्क्रू फिरत असतो, त्यात कुणाचा तरी हात जातो, आणि सर्जन बोटं जोडत असताना मी त्या माणसाला झोपवून ठेवलेलं असतं. शुद्धीवर येताना तो पहिल्यांदा काय विचारतो ते मी इतक्या वेळा ऐकलंय की सांगायला नको. मी विश्वासच्या हातांकडे पाहिलं. लेथवर वाढलेल्या माणसाचे हात, नखांच्या कडा कायम काळसर. मी सही केली. पण त्याला सांगून ठेवलं की मला दुसरं काही नको, पक्षी आण नाहीतर नको आणूस, फक्त जाशील तसा परत ये. दोन डोळे आणि दोन हात घेऊन ये.

"टूं टूं," तो म्हणाला, आणि अर्ज पाकिटात घातला.

मुक्ता, आमची लेक, व्हँकुव्हरला असते. तिला फोनवर सांगितलं. "आई, आर यू सीरियस? ही डझन्ट ईव्हन ईट मीट ऑन मंडेज." मी म्हटलं, अगं, सोमवारी जाणार नाही तो. तिला ते विनोदी वाटलं नाही. मलाही खरं तर वाटलं नव्हतं.

मग सुरू झाली शोधाशोध. नवी बंदूक घेतली असती तर प्रश्न मिटला असता, पण नव्या दुनळीला जी किंमत पडते त्यात आमच्या बाथरूमचं रिनोव्हेशन झालं असतं. आणि वॉल्टरच्या मते नव्या स्वस्त दुनळ्या म्हणजे पहारी. दिवसभर हातात घेऊन चालायची तर हलकी हवी, आणि हलकी, चांगली, खिशाला झेपणारी हवी तर जुनीच. त्यातही नामांकित घराण्याची नको. नाव कोरलेलं असलं की पैसे नावाला जातात. साधी, बिननक्षीची, लाकडावर ओरखडे असलेली, पण लोखंड निरोगी असलेली बघायची. हे ऐकताना मला स्थळं बघण्याचे दिवस आठवले. विश्वासला मात्र मोठा आनंद झाला. स्वस्तात चांगली वस्तू मिळवणं हा सांगलीच्या माणसाचा जन्मसिद्ध हक्क आहे असं तो मानतो, आणि चाळीस वर्षं कॅनडात राहूनही तो हक्क त्यानं सोडलेला नाही.

शनिवारी आम्ही तिघं कुठल्या तरी गावच्या कर्लिंग रिंकमध्ये, म्हणजे बर्फावर खेळायच्या हॉलमध्ये, भरलेल्या बंदुकांच्या बाजारात जात असू. बर्फ नसलेल्या त्या थंड हॉलमध्ये लांबच लांब टेबलं, वर हिरवी कापडं, आणि ओल्या जॅकेटांचा, कॉफीचा, तेलाचा एकत्र वास. माणसं एकमेकांशी हळू बोलत. मी थर्मास धरून मागे मागे. विश्वास खिशातून छोटा टॉर्च आणि कॅलिपर काढी, आणि विकणारा माणूस जरा सावध होई.

वॉल्टरची तपासायची पद्धत ठरलेली होती. आधी स्क्रू बघायचे. खाचा कुरतडलेल्या असल्या तर कुणीतरी घरी बसून खोललेली आहे, पुढे जायचं. मग बंदूक मिटून उजेडासमोर धरायची आणि नळ्या जिथे टेकतात तिथून उजेड झिरपतो का ते बघायचं. मग नळ्या सुट्या करून खालच्या आकड्यानं एका बोटावर टांगायच्या आणि नखानं टिचकी मारायची. आवाज घुमला तर जोड शाबूत. थप्प आला तर दोन नळ्यांमधली पट्टी कुठेतरी सुटलेली. हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी न राहवून पुढे झाले. मिरजेच्या बाजारात माठ असाच घेतात, टिचकी मारून, कान जवळ नेऊन. वॉल्टरला मी ते सांगितलं. त्यानं कानाचं यंत्र खिशातून काढून कानात घातलं आणि म्हणाला, "देन यू लिसन. आय कान्ट हिअर इट एनीमोर." तेव्हापासून टिचकी मारायचा तो आणि ऐकायची मी. मला कबूल केलं पाहिजे की त्या कामाची मला गोडी लागली. धास्ती होतीच, पण निदान धास्तीला हाताशी काहीतरी काम मिळालं.

एका टेबलावर एक देखणी दुनळी होती. बाजूंना कोरलेले पक्षी, अक्रोडाचं तांबूस लाकूड, आणि किंमत इतकी रास्त की विश्वासनं पाकीट काढलं. आवाजही छान घुमला. वॉल्टरनं नळ्या खिडकीकडे धरल्या, डोळा लावला, हळूहळू फिरवल्या, आणि माझ्या हातात दिल्या. आत चकाकता गोल बोगदा होता, आणि मध्यावर एक काळसर वळं. बारीक सावलीचं. मला वाटलं घाण असेल.

"घाण नाही," तो म्हणाला. त्यानं त्याच्या सावकाश इंग्रजीत समजावून सांगितलं. कधीतरी कुणीतरी आत काहीतरी अडकलेलं असताना ही बंदूक झाडली आहे. चिखल असेल, बर्फ असेल, साफ करताना राहिलेली चिंधी असेल. एवढंसं काहीही पुरतं. मागून दारू पेटते, पुढे वाट बंद, मग नळी फुगते. "धिस गाय वॉज लकी." आणि नशीब नसलं तर? वॉल्टरनं आपला डावा हात नळीखाली धरून दाखवला आणि मग मूठ उघडून बोटं फाकवली. विश्वासनं पाकीट खिशात ठेवलं. त्या रात्री मला झोप लागायला वेळ लागला.

आमची दुनळी शेवटी बाजारात नाही, एका स्वयंपाकघरात मिळाली. ग्रोसरीच्या दुकानातल्या बोर्डावर कुणीतरी चिठ्ठी लावली होती. तासभर गाडी हाकून आम्ही गेलो, तर दारात एक ठेंगणी बाई, अंगात नवऱ्याचं स्वेटर. टेबलावर फ्लॅनेलच्या ब्लँकेटमध्ये गुंडाळलेली बंदूक, आणि तिच्या शेजारी खजुराच्या वड्यांची ताटली. इथे या वड्यांना मॅट्रिमोनियल केक म्हणतात, कारण विचारू नये. बाईनं आधी खायला लावलं, मग ब्लँकेट उघडलं. ना नक्षी, ना नाव. दस्त्याला एका जागी हाताच्या घामानं काळेपण आलेलं. बर्मिंगहॅमच्या कुठल्यातरी कारागिरानं दुकानांसाठी घाऊक बनवलेली ती बंदूक होती, असं वॉल्टर म्हणाला. स्क्रूंच्या खाचा नव्यासारख्या. उजेड झिरपत नव्हता. आतून दोन्ही नळ्या स्वच्छ. त्यानं टिचकी मारली आणि मी कान पुढे केला. तो आवाज बराच वेळ टिकला, इतका की बाई ओट्याशी कॉफी ओतायची थांबली.

वॉल्टरनं फक्त एक बजावलं. ही हलकी आहे कारण हिच्या नळ्या पातळ आहेत. हिला जुन्या मापाची आखूड, सौम्य काडतुसंच घालायची, आणि घालण्याआधी दर वेळी आत बघायचं. जाड नळी एखादी चूक पोटात घालेल, ही घालणार नाही. विश्वास मान डोलावत होता. बाईनं त्याला विचारलं, भिंतीवर लावणार की वापरणार? वापरणार म्हटल्यावर तिनं मागितलेल्यापेक्षा कमी घेतले. गाडीत बसल्यावर विश्वासचा चेहरा उजळला होता. मागच्या सीटवर ब्लँकेटसकट ती आडवी पडली होती, आणि मी सारखी मागे वळून बघत होते.

आता मागे बघताना वाटतं, त्या फॉलमध्ये मी जितकी सावध होते तितकी ऑपरेशन थिएटरमध्येही कधी नव्हते. चिखलाची भीती घातली होती, बर्फाची घातली होती, चुकीच्या काडतुसाची घातली होती. विश्वासनं काडतुसांच्या डब्यावर मराठीत 'फक्त हीच' असं लिहिलं होतं, ते माझ्याचसाठी. पण जे झालं ते आमच्या देवघरातून आलं.

त्या वर्षी खंडेनवमी आणि थँक्सगिव्हिंग एकाच दिवशी आले. सगळी गल्ली टर्कीच्या वासानं भरलेली, आणि आमच्या लिव्हिंग रूममध्ये पाट मांडलेला. विश्वासच्या वडिलांचं सांगलीला लेथचं छोटं वर्कशॉप होतं. खंडेनवमीला तिथे सगळी यंत्रं पुसून, तेल लावून, झेंडूच्या माळा घालून बंद ठेवत. दसऱ्याच्या सकाळपर्यंत कुणी हत्याराला हात लावायचा नाही. विश्वास देवळात जायला कुरकुर करतो, पण खंडेनवमी त्यानं या देशात एकदाही चुकवलेली नाही. पाटावर वडिलांचा पाना, मायक्रोमीटर, माझा स्टेथोस्कोप, मुक्तानं टाकून दिलेला लॅपटॉप. गराजमधल्या बर्फ हटवायच्या स्नोब्लोअरलाही कुंकू लागतं. आणि त्या वर्षी मधोमध दुनळी. चापाला कुलूप लावून, कारण कायदा. शस्त्राची पूजा, तीही कुलपासकट, असं म्हणून मी हसले.

विश्वासनं तिला हळदकुंकू लावलं. मग अक्षता टाकायला हात उचलला आणि थांबला. पातळ नळ्या. तांदळाचा दाणा आत गेला तर? कुंकू आत सांडलं तर गंज धरेल. इंजिनिअर माणूस. त्यानं फुलवातींच्या डब्यातला कापूस घेतला, दोन घट्ट बोळे केले, तेलात बुडवले आणि दोन्ही नळ्यांच्या तोंडांत बसवले. मग निर्धास्तपणे अक्षता टाकल्या. मी शेजारी निरांजन धरून उभी होते आणि मला बरं वाटलं. म्हटलं, काळजी घेतोय.

दसऱ्याला सीमोल्लंघन करायचं असतं, म्हणून पहिली शिकार त्याच दिवशी असं त्याचं ठरलेलं. वॉल्टरचा पिकअप पहाटेच दारात उभा राहिला. मीही निघाले. सीमा मलाही ओलांडायची होती, आणि घरी बसून वाट बघणं मला जमलं नसतं. विश्वासला उशीर झाला होता. अंधुक उजेडात त्यानं पाटावरची बंदूक उचलली, कुलूप काढलं, पिशवीत सरकवली. मी निर्माल्य गोळा करून कागदी पिशवीत टाकलं, आणि स्टेथोस्कोपचं कुंकू पुसून तो जागेवर ठेवला.

आठवड्यापूर्वी पडलेला बर्फ वितळून गेला होता, फक्त खळग्यांत पांढरं उरलेलं. भाच्याच्या शेताशी, शेतांमधून जाणाऱ्या ग्रिड रोडच्या कडेला वॉल्टरनं गाडी थांबवली. समोर गव्हाची धाटं, आणि त्यापलीकडे अॅस्पेनच्या झाडांचं बेट. इथे त्याला ब्लफ म्हणतात. सूर्य यायचा होता. दोघांनी बंदुका उघडून काडतुसं घातली, हलक्या आवाजात काहीतरी ठरवलं, आणि निघाले. विश्वास ब्लफच्या अलीकडून, वॉल्टर आणि कुत्री पलीकडून. चावी गाडीलाच लटकत होती, हीटर मंद चालू. मी थर्मास उघडला. दोन नारिंगी टोप्या लहान होत गेल्या आणि मला खरंच छान वाटायला लागलं. विश्वासची चाल मी ओळखते, खाणीतून आल्यावरची ती वाकलेली चाल. त्या सकाळी तो ताठ चालत होता.

ऑपरेशन संपताना आम्ही मोजणी करतो. आत गेलेलं सगळं बाहेर आलं का. मला ती सवय इतकी आहे की स्वयंपाक झाल्यावर मी चमचेही मोजते. चहा पिता पिता मी सकाळचं सगळं मनातल्या मनात लावत होते. निरांजन विझवलं. गॅस बंद. पुढचं दार लावलं. निर्माल्य भरलं, त्यात झेंडू, तांदूळ, कापसाचा बोळा.

बोळा.

नाकाच्या, जबड्याच्या ऑपरेशनमध्ये रक्त घशात उतरू नये म्हणून आम्ही घशात गॉजचा बोळा ठेवतो. भल्यासाठीच ठेवतो. पण तो आत राहिला आणि श्वासाची नळी काढली तर रोगी श्वास घेऊ शकत नाही. म्हणून ठेवणारा मोठ्यानं सांगतो, बोळा आत. काढणारा मोठ्यानं सांगतो, बोळा बाहेर. रोगी झोपलेला असतो, पण खोलीतल्या प्रत्येकानं ऐकलं पाहिजे. काल रात्री आत दोन गेले होते. मला दोन्ही दिसले होते, डोळ्यांसमोर आहेत. पिशवीत मी एक टाकला. कुंकवानं लाल झालेला, एक. दुसऱ्याबद्दल कुणीही काही बोललं नव्हतं.

मनात पाल चुकचुकली म्हणतात ती अशी. मी स्वतःला समजावलं. सोफ्याखाली गेला असेल. त्याच्या खिशात असेल. घालण्याआधी आत बघायचं, हे त्याला वॉल्टरनं शंभरदा सांगितलंय. बघितलं असेलच. विश्वासला फोन लावला तर त्याचा फोन डॅशबोर्डवरच वाजला. हाक मारावी तर वारा माझ्या तोंडावर येत होता आणि टोप्या ब्लफच्या कडेला पोचल्या होत्या. उरला हॉर्न. हॉर्न वाजला तर त्या बेटातला प्रत्येक पक्षी उडून जाणार, वॉल्टरची सकाळ जाणार, आणि विश्वास जन्मभर ऐकवणार. टूं टूं. मी हात स्टीअरिंगवर ठेवला आणि तसाच ठेवून बसले. सूर्याची पहिली कड धाटांवर आली. विश्वास थांबला. त्यानं डावा हात लांब पुढे टाकला होता, नळ्यांना वेढून, वॉल्टरनं शिकवला तसा.

पक्षी उठले. काचेतून आवाज आला नाही, नुसती धाटांतून तपकिरी उसळी दिसली. मग बार झाला. एकच.

दुनळीला दोन चाप असतात. पुढचा उजव्या नळीचा, मागचा डाव्या नळीचा. पहिला बार झाला म्हणजे उजवी नळी मोकळी होती. तो उभा होता, टोपी दिसत होती. म्हणजे बोळा असलाच तर डावीत, आणि आता त्याचं बोट सरकून मागच्या चापावर जाणार. हे सगळं मला एकदम, लख्ख कळलं. मी हॉर्नवर हाताचा तळवा टाकला आणि वर सगळं वजन टाकलं. पिकअपचा तो बोंबलणारा आवाज शेतभर गेला. ब्लफमधून उरलेसुरले सगळे पक्षी उठले, कुत्री भुंकायला लागली. दुसरा बार कधी होतो याची मी वाट बघत होते. डोळे मिटावेसे वाटत होते, मिटले नाहीत. तळवा मी काढलाच नाही, तो गाडीच्या दाराशी येऊन उभा राहीपर्यंत.

तो रागानं लाल झाला होता. बंदूक उघडी, हातावर टाकलेली. डाव्या नळीतलं न झाडलेलं काडतूस मुठीत. दुसऱ्या हातात पक्षी, अजून उष्ण.

"काय झालं? काय झालं काय तुला? दुसरा समोर होता. चापावर बोट होतं माझं."

"आत बघ."

"कशात?"

"नळीत बघ, विश्वास."

माझा आवाज कसा होता मला माहीत नाही, पण त्यानं वाद घातला नाही. त्यानं नळ्या आभाळाकडे धरल्या. आता चांगलं उजाडलं होतं. मी त्याच्या खांद्याला खांदा लावून उभी राहिले. उजवीतून आभाळाची निळी चकती दिसत होती. डावीतून काहीच दिसत नव्हतं.

वॉल्टर मागून येऊन पोचला होता. त्यानं बंदूक हातात घेतली, बघितलं, टोपी काढली आणि पुन्हा घातली. ब्लफमधली एक सरळ फांदी मोडून त्यानं मागून नळीत घातली आणि दाबली. बोळा वीतभर आत होता. बाहेर यायला जोर लागला. पडला तो धाटांमध्ये, तेलकट, तोंडाशी कुंकू लागलेला.

"एक निघाला. दुसरा बोट घालून काढायला गेलो होतो," विश्वास म्हणाला. "हाताला लागला नाही. म्हटलं पडला असेल." म्हणजे बोटानंच तो आणखी आत ढकलला गेला होता. मग म्हणाला, "इथे भरताना बघितलं होतं मी. दोन्हीकडे अंधारच होता. उजाडलं नव्हतं ना."

वॉल्टर त्याला रागावला असता तर बरं झालं असतं. त्यानं फक्त काडतूस विश्वासच्या मुठीतून सोडवून स्वतःच्या खिशात टाकलं, बंदूक ब्लँकेटवर ठेवली, आणि कुत्रीला पाणी द्यायला गाडीच्या पलीकडे गेला. विश्वास टेलगेटवर, पिकअपच्या मागच्या उघड्या फळीवर, बसला. मला इतका राग आला होता, त्याचा, कापसाचा, त्या पाटाचा, सांगलीच्या वर्कशॉपचा, की रडूही येईना.

आपटा इथे कुठला मिळायला. आम्ही दसऱ्याला अॅस्पेनचं पिवळं पान सोनं म्हणून देतो. चालता चालता त्यानं माझ्यासाठी एक उचलून जॅकेटच्या खिशात ठेवलं होतं. ते त्याला आठवलं. त्यानं खिसा चाचपून ते काढलं आणि उजव्या हातानं पुढे केलं. सोनं घ्या, सोन्यासारखे राहा, असं दर वर्षी म्हणतो. त्या दिवशी नुसतंच पान.

मी पान घेतलं नाही. मी त्याच्या शेजारी बसले, त्याचा डावा हात ओढून मांडीवर घेतला, हातमोजा काढला, आणि करंगळीपासून अंगठ्यापर्यंत एकेक बोट दाबून पाहिलं. सगळी होती. गरम होती.